मिलिंदचा गोल फोटो

मिलिंद गेल्याचं मला झेरॉक्सवाल्याने सांगितलं. घाटकोपरच्या एकाच गल्लीत वाढलेले आम्ही, आणि बातमी कळली ती पंधरा दिवसांनी, पॅनकार्डाच्या कॉप्या काढताना. हार्टअटॅक म्हणे. "तुम्हाला माहीत नव्हतं?" त्याने विचारलं. नव्हतं. चार वर्षं आम्ही बोलत नव्हतो आणि त्याला कारण होती एक लेन्स... म्हणजे मी तरी सगळ्यांना असंच सांगत होतो.

मिलिंद लग्नाचे फोटो काढायचा. त्याने कुठूनतरी जुनी फिशआय लेन्स उचलून आणली. पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी टपोरी, तिच्यावर साधा फिल्टरही बसायचा नाही. फोटो यायचा भाकरीसारखा गोल, भोवती सगळं काळं, म्हणजे अर्धी फ्रेम वायाच. कडेचा माणूस तर केळ्यासारखा वाकायचा. मी म्हणायचो, विकून टाक रे, गिऱ्हाइकं शिव्या घालतील. तो ऐकेल तर ना! त्याचं म्हणणं, आपल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत साधी लेन्स घेऊन मागे सरकणार किती? पाठीला भिंत लागते. ही घेऊन दाराशी उभं राहिलं की तिन्ही भिंती, छत, फरशी, सगळी माणसं एका फोटोत. "कडेचा वाकतो, पण बाहेर नाही ना राहत," तो म्हणायचा. हे मात्र खरं होतं.

माझ्या बहिणीची, वैशालीची हळद आमच्या खोलीतच झाली. बाबा जाऊन सहा वर्षं झालेली. हळद लावायला सवाष्णी पुढे आणि आई मोरीपाशी भिंतीला टेकून उभी. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिची तीच जाऊन उभी राहिली. मिलिंदच्या बौद्ध घरात असलं काही पाळत नसत. त्याने कॅमेरा खाली केला आणि मला म्हणाला, "शैल्या, आईला पुढे घे. तिच्या पोरीची हळद आहे." मी म्हटलं, मावश्या-काकवा बसल्यात, उगाच तमाशा नको. त्याने बॅगेतून ती लेन्स काढली.

दोन महिन्यांत आई गेली. हार घालायला फोटो शोधला तर अलीकडचा हळदीतला तेवढाच एक. तिच्यापुरता तुकडा मोठा करून घेतला, तर कपाळ लांबलेलं, गाल ओढलेला... आईसारखं काहीच नव्हतं. मी तणतणत मिलिंदच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. स्वतःची हौस भागवायला माझ्या आईची वाट लावलीस, हेसुद्धा. शेवटी तो म्हणाला, "लेन्स वाईट, मान्य. पण आई कडेला का होती, ते तू सांग." दार आपटून निघालो आणि चार वर्षं त्याचा राग केला. त्याचा करणं सोपं होतं.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने, संगीताने उघडलं. एका पाकिटातून तिने हळदीच्या त्या फोटोचा मोठा प्रिंट काढून दिला. तुमच्यासाठी ठेवला होता, म्हणाली. तुकडा नाही, अख्खा फोटो. उजव्या कडेला आई, वाकलेली, पण लेकीकडे बघून हसतेय. खालच्या कडेला मिलिंदच्या अनवाणी पायांची बोटं. ही लेन्स फोटो काढणाऱ्याचे पायही सोडत नाही. आणि मधोमध, जवळचा माणूस तिच्यात फुगतो तसा फुगलेला, हळदीची वाटी हातात घेऊन मी.

फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. परवा वैशाली आली होती. फोटोतल्या आईवर तिने बोट ठेवलं.

"दादा, आई एवढी लांब का उभी होती रे?"

आमची खोली दहा बाय बाराची. हात पुढे केला असता तर आईचा हात हातात आला असता.

मी म्हटलं, लेन्समुळे तसं दिसतं.