टॉवेलचा हंस आणि पोतंभर वांगी

मागच्या नाताळच्या सुट्टीत माझ्या धाकट्या जावेनं स्टेटसला एका टॉवेलचा फोटो टाकला होता. पांढराशुभ्र टॉवेल, त्याचा हंस केलेला, हॉटेलच्या पलंगावर मधोमध बसवलेला, चोचीपाशी गुलाबाच्या पाकळ्या. खाली लिहिलेलं, 'फायनली रिलॅक्स'. मीही तेव्हा पुण्यातच होते. फक्त मी नणंदेच्या स्वयंपाकघरात होते आणि कोपरापर्यंत पिठात होते. पिठाच्याच बोटानं मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू?

आमच्या धुळ्या-जळगावकडचा माणूस पुण्या-मुंबईला निघाला की 'कुठे राहणार' असं कोणी विचारत नाही. 'कोणाकडे उतरणार' असं विचारतात. आपलं माणूस त्या गावात असताना हॉटेलात उतरणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. आमच्या ह्यांची थोरली बहीण पुण्यात असते. सगळं घर त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. दर नाताळात आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि आमची मुलगी, धुळ्याहून अक्कांकडे उतरायचो. बरोबर एक पोतं भरताची वांगी, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा डबा आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची मोळी. ती मोळी पाहून दर वर्षी बसचा कंडक्टर कपाळाला हात लावायचा. पण अक्कांचं म्हणणं ठाम होतं, गॅसवर भाजतात ते वांगं, काड्यांवर भाजतात ते भरीत.

मग सोसायटीच्या गच्चीवर जुन्या घमेल्यात काड्या पेटवायच्या आणि वांगी मी भाजायची. हे काम माझं. अक्का शेजारी पाटावर बसून मिरच्या ठेचायच्या आणि आमच्या अहिराणीत सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. खालून सोसायटीचे सेक्रेटरी धुराची तक्रार घेऊन यायचे आणि भाकरीवर भरीत घेऊन जायचे. ऐकायला किती गोड वाटतं, नाही? पण मी तिथं जेवढे दिवस राहायची तेवढे दिवस पोळ्या लाटायची, गाद्या घालायची, गाद्या काढायची. हे आणि अक्कांचे यजमान मुलीला घेऊन बागा बघायला, किल्ले बघायला. मी पुण्यात दर वर्षी जाऊन जे पाहिलंय ते म्हणजे अक्कांच्या स्वयंपाकघरातली निळी फरशी.

आणि ही आमची जाऊबाई! राहते जळगावला. माझा दीर औषधांच्या कंपनीत आहे, पैसा बरा आहे. ही पुण्याला आली की हॉटेलात. 'आम्हाला नाही बाई गर्दीत झोप येत.' मग एखाद्या संध्याकाळी तासाभरासाठी काजूकतलीचा डबा घेऊन अक्कांकडे यायची, सोफ्यावर पायावर पाय टाकून बसायची. तिच्यासाठी अक्का वरच्या कपाटातून मोराचा ट्रे काढायच्या, सोनेरी काठाचे कप काढायच्या, आणि तो ट्रे घेऊन बाहेर कोण जायचं? मी! थोरली मी, आणि चहा मी द्यायचा हिला. चहा संपला की ती कप उचलून उठल्यासारखं करायची. मीच म्हणायची, "राहू दे गं, ठेव तिथंच." लगेच ठेवायची बया. मग मी आत येऊन तिची नक्कल करायची, ती पायावर पाय, ती मान, ते 'गर्दीत झोप येत नाही', आणि अक्का तोंडाला पदर लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "माय व माय, बस कर," म्हणायच्या.

पण त्या हंसानं माझं डोकंच फिरलं. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर तो टॉवेल होता. या वर्षी दिवाळी झाली तशी मी ह्यांना सांगून टाकलं, यंदा हॉटेल.

हे म्हणाले, "अक्काला कोण सांगेल?"

"मी सांगेन. तुम्ही फक्त हॉटेल शोधा."

हॉटेल शोधण्यात आमचा महिना गेला. रोज जेवणं झाली की तिघं एका फोनवर वाकून बसायचो. ह्यांना बसस्टँडच्या जवळ पाहिजे. मुलीला पोहण्याचा तलाव पाहिजे, पोहता येत नाही तरी. मला काय पाहिजे ते मी उघड बोलत नव्हते, पण प्रत्येक हॉटेलचे फोटो मी पलंगापाशी थांबवून बघायची, टॉवेल कसा ठेवलाय ते. एका हॉटेलात हंस होता, पण लोकांनी लिहिलं होतं की बाथरूमला वास येतो. एकात हंस नव्हता, पण लॉबीत कारंजं होतं. जाऊ मागच्या वर्षी उतरली होती त्या हॉटेलचं नाव मला तोंडपाठ होतं. त्याच्यापेक्षा एक तरी गोष्ट आपल्या हॉटेलात जास्त पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. हे वैतागून म्हणाले, "आपण फिरायला चाललोय की तिला हरवायला?" मी म्हटलं, "दोन्ही." शेवटी तलाव, कारंजं, नाश्ता आणि फोटोत एकच एक पण डौलदार हंस असलेलं हॉटेल मिळालं. मी स्वतः बटण दाबलं.

मग अक्कांना फोन केला. माझं तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "गाद्या बठ्ठ्या उन्हात टाकेल शेतस." म्हणजे आमच्यासाठी गाद्या सगळ्या उन्हात टाकून तयार! तरी बोलले. म्हटलं, अक्का, यंदा तुम्हाला त्रास नको, तुमचे गुडघे दुखतात, आम्ही हॉटेलात राहू आणि भेटायला येऊ. अक्का म्हणाल्या, "बरं." चिडल्या असत्या तर मी भांडले असते. 'आम्ही मेलो का' म्हणाल्या असत्या तर मी रडले असते आणि कदाचित हॉटेल रद्दही केलं असतं. पण नुसतं 'बरं' म्हटल्यावर माणूस काय करणार? मी फोन ठेवला आणि स्वतःला सांगितलं, झालं बाई, सुटलो.

निघायच्या आदल्या दिवशी अमळनेरकडच्या आमच्या शेतातून दर वर्षीसारखं वांग्यांचं पोतं आलं, काड्यांची मोळी आली. मी दर वर्षीसारखी वांगी पुसून, वर्तमानपत्राचे थर घालून नीट भरली. ह्यांनी मोळी सुतळीनं बांधली. कळण्याचं पीठ डब्यात भरलं. हॉटेलात ही वांगी नेऊन करायचं काय, हा प्रश्न आमच्या तिघांपैकी एकालाही पडला नाही. नाताळात पुण्याला जायचं म्हणजे वांगी न्यायची, हातांना तेवढंच ठाऊक. प्रश्न पडला तो हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला. चकचकीत फरशीवर मोळी टेकवल्यावर तिनं विचारलं, "सर, ये क्या है?" हे प्रामाणिकपणे म्हणाले, "वांगी भाजायला." ती घाबरली. मॅनेजर आला. खोलीत आग पेटवता येणार नाही, असं त्यानं आम्हाला फार गोड शब्दांत समजावलं. मी म्हटलं, आम्हाला काय वेडं समजलात का? पण मोळी काही त्यांनी वर नेऊ दिली नाही. ती वॉचमनच्या खोलीत राहिली आणि पोतं आमच्या खोलीत, कपाटाशेजारी.

खोलीत हंस नव्हता. टॉवेल नुसते घडी घालून रॅकवर. फोन करून विचारलं तर म्हणाले, मॅडम, तो हनिमूनवाल्यांसाठी असतो. घ्या! सकाळी पलंगावर बसल्या बसल्या कोणीतरी आयता चहा आणून देईल, ही माझी दुसरी हौस. तिथं टेबलावर विजेची किटली ठेवलेली आणि चहाच्या पुड्या. म्हणजे इथंही चहा मीच करायचा, आणि तोही दुधाच्या पावडरीचा. हे म्हणाले, "अक्काकडचा चहा आठवला ना?" मी म्हटलं, गप बसा.

पण मी हार मानणाऱ्यातली नाही. मुलीनं फोनवर व्हिडिओ लावला आणि आम्ही दोघींनी मिळून टॉवेलचा हंस केला. मान काही उभी राहीना, म्हणून आत ह्यांचा मोजा कोंबला. तरी तो हंस कमी आणि खुडूक कोंबडी जास्त दिसत होता. पाकळ्या नव्हत्या, म्हणून जेवणाच्या टेबलावरच्या झेंडूच्या घातल्या. फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि लिहिलं, 'यंदा आपलीही बारी'. मग दर पाच मिनिटांनी बघत बसले, जाऊबाईंनी पाहिला का, पाहिला का. पाहिला. उत्तरात नुसतं हसण्याचं एक चित्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नाश्त्याला बसलो होतो. समोर इडली होती, कापलेलं कलिंगड होतं, कारंजं चालू होतं. मी फोन उघडला तर जावेचं नवं स्टेटस. अक्कांचं स्वयंपाकघर. तीच निळी फरशी. आणि फरशीवर मांडी घालून बसलेली आमची जाऊबाई! अंगात अक्कांचा जुना गाऊन, केसांचा अंबाडा, कोपरापर्यंत पीठ. शेजारी अक्का, तोंडाला पदर लावून हसताहेत. मागे गॅसवर जाळी, जाळीवर वांगं. खाली लिहिलेलं, 'अक्कांकडे. घर ते घर'.

"गॅसवर!" मी ओरडलेच. "गॅसवर भाजतेय ती वांगं!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ह्यांनी फोन घेऊन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "काल अक्काचा फोन होता. गाद्या उन्हात टाकून झाल्या होत्या, खोली रिकामी होती, म्हणून तिनं त्यांना बोलावलं. तुला राग येईल म्हणून बोललो नाही." राग? मला राग नव्हता येत. माझा जीव जळत होता. तो गाऊन माझा होता हो! म्हणजे होता अक्कांचाच, पण दर वर्षी घालायची मी. सेक्रेटरींच्या शिव्या खायच्या मी, अक्कांना हसवायचं मी. हंस तिनं पाहिला, तलाव तिनं पाहिला, आता हेही तिलाच?

"चला," मी म्हटलं. "पोतं घ्या. वांगी सडतील." तलावाकाठी जायला निघालेल्या मुलीला ओढून रिक्षात बसवलं. मोळी पायाशी, पोतं मांडीवर. रस्ताभर मी मनात ठरवत होते, गेल्या गेल्या गच्चीवर चढायचं, काड्या पेटवायच्या आणि हिला दाखवायचं भरीत कशाला म्हणतात.

दार जावेनं उघडलं. "अय्या, ताई! या ना, बसा." मुलगी तिच्या हाताखालून निसटून सरळ आत पळाली, जशी दर वर्षी पळते. माझा पाय तिच्यामागं उचललाच होता. पण जाऊ पोत्याकडे बघून म्हणाली, "परत वांगी? आमच्या जळगावहून आणलीत ना मी, भरीत झालंय पण. राहू द्या तिथं, चपलांपाशी." आणि एका हातानं सोफ्यावरची उशी नीट केली. मग मी बसले. हेही बसले.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला वाटलं, आता बोलतील, झापतील, 'मोठी हॉटेलवाली झाली का व तू' म्हणतील. बोलतील तेवढं ऐकून घ्यायची माझी तयारी होती. अक्का समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हॉटेल चांगलं आहे ना? नाश्ताबिश्ता असतो ना?" बाहेरच्या माणसाशी बोलतात तशा शुद्ध भाषेत. मी म्हटलं, "हो, चांगलं आहे." गुडघे कसे आहेत, विचारलं. "बरे आहेत," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आलेच हं, चहा टाकते," आणि आत गेल्या.

त्या सोफ्यावर मी याआधी कधी बसलेच नव्हते. तिथून स्वयंपाकघर दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. भांडी वाजत होती. माझ्या मुलीचा आवाज आला, मग जावेचा, हळू, काहीतरी सांगत असलेला. त्यातले मला दोनच शब्द नीट ऐकू आले, 'मोजा' आणि 'कोंबडी'. मग अक्कांचं हसू. तेच, पदरातलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं. "माय व माय, बस कर!"

हे पेपर चाळत होते. त्यांना काही कळलं नाही. मला सगळं कळलं. इतकी वर्षं इथं बसून तिला काय काय ऐकू गेलं असेल, तेही कळलं, आणि त्यानं माझा जळफळाट कमी झाला असं मुळीच नाही. उलट वाढला.

मग पडदा बाजूला झाला आणि मोराचा ट्रे बाहेर आला. सोनेरी काठाचे कप. काजूकतली, शेजारी चिवडा. ट्रे जावेच्या हातात होता, मनगटाला पीठ होतं आणि हसून हसून नाक लाल झालेलं होतं. चहा अक्कांच्या हातचा होता, आलं घातलेला, खऱ्या दुधाचा. मी तो हळूहळू प्याले. संपला तशी कप घेऊन उठले. म्हटलं, विसळायच्या निमित्तानं आत जावं, निळ्या फरशीवर जरा टेकावं, काड्यांचा विषय काढावा.

जाऊ पटकन पुढं आली आणि हसून म्हणाली, "राहू द्या हो ताई, ठेवा तिथंच."

मी कप ठेवला आणि परत सोफ्यावर बसले.