सुताचा पीळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत उभा जन्म घाम गाळला त्या फिटरलाही नाही. तुला सांगतोय म्हणून हुरळून जाऊ नकोस. तू मला आवडतोस असंही नाही. कुणीतरी ऐकणारं हवं होतं, एवढंच.

मी शहाद्याच्या एका कापसाच्या जिनमध्ये मिस्तरी होतो. सरकी काढायची यंत्रं आणि ती चालवणारं वाफेचं इंजिन माझ्या ताब्यात होतं. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीची गोष्ट. आमच्या सेठचे जावई मुंबईला विमान चालवायला शिकले आणि एक लहानसं, दोन माणसांचं जुनं विमान घेऊन आले. लोणखेड्याच्या माळावर पत्र्याची शेड उभी राहिली. विमानाला हात लावणार कोण? तर मिस्तरी. जसं काही गिरणी आणि विमान एकच!

जावईसाहेबांचा मला राग होता. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे तुला शोधत बसावं लागणार नाही. माझ्या हातातला पाना घेताना आधी रुमाल काढायचे. मला नावानं कधी हाक मारली नाही, ‘ए जिनवाले’ म्हणायचे. त्यांचा आवाज कानावर पडला तरी माझं पित्त खवळायचं. पण नुसत्या रागानं माणूस एवढं करतो का? करतो. मी केलं.

त्या विमानात पेट्रोल किती आहे ते सांगायला घड्याळासारखा काटा नव्हता. चालवणाऱ्याच्या पुढ्यातच टाकी. टाकीत बुचाचा गोळा तरंगायचा, त्याला खोचलेली पितळी काडी झाकणाच्या भोकातून वर आलेली असायची. पेट्रोल संपत जाईल तशी काडी खाली उतरायची. बस, एवढंच यंत्र. भोक झिजून मोठं झालं होतं, त्यातून पेट्रोलचे शिंतोडे साहेबांच्या तोंडावर उडायचे. ते थांबव म्हणाले.

मी काय केलं? वाफेच्या इंजिनाला करतो तेच. दांड्याभोवतीची वाफ थांबवायला आम्ही एरंडेलात भिजवलेला सुताचा पीळ ठासून बसवतो. जिनच्या माणसाला दुसरं काय सुचणार? कापूस तर पायाखाली पडलेला. काडीभोवती तसाच पीळ ठासला. शिंतोडे थांबले. पण इंजिनाचा दांडा वाफेच्या जोरानं हलतो. बुचाच्या गोळ्यात कसला जोर? पिळानं काडी धरून ठेवली.

ही चूक झाली. चुकीबद्दल मी तुझ्याशी बोलत नाहीये.

विमानात पेट्रोल भरायला जात्र्या होता. सातपुड्यातला पावरा आदिवासी, हंगामात जिनला यायचा तो इथेच राहिला. चामड्यातून गाळून पेट्रोल टाकायचं, शेड राखायची. भाकरी आम्ही दोघं सोबत खायचो. एका सकाळी तो जिनमध्ये आला आणि हळूच म्हणाला, “साहेब काल कितला फिरना, तरी काडी खाले उतरनी नही.”

माझ्या लगेच लक्षात आलं. पीळ ढिला करायला कितीसा वेळ लागला असता? पण आदल्याच दिवशी सगळ्या हमालांसमोर साहेबांनी मला गाढव म्हटलं होतं — शेडच्या दाराला तेलाचा हात लागला म्हणून. मी जात्र्याला सांगितलं, साहेबांना मी बोलतो, तोवर तू पेट्रोल टाकू नकोस. त्यानं ऐकलं. का नाही ऐकणार?

मी बोललो नाही. यंत्राला तेल घालत बसलो. विमानाचा आवाज डोक्यावरून गेला तेव्हा मान वर केली नाही. पडेल असं वाटलं होतं का, हे तू विचारशीलच. हो, वाटलं होतं.

ब्राह्मणपुरीच्या शिवारात विमान पडलं. आम्ही पोचलो तेव्हा टाकी फाटली होती, साहेबांना लोकांनी बैलगाडीत घातलं होतं. त्यांचा एक पाय पुढे गुडघ्यातून कापावा लागला. सगळे त्यांच्यामागे धावले आणि मी विमानापाशी थांबलो. झाकणातला पीळ उपटला, खिशात घातला. काडी बोटानं वरखाली करून पाहिली.

जावयाची चूक कोण काढणार? ते शुद्धीवर येऊन म्हणाले, निघताना काडी वर होती, टाकी भरलेली होती. मग भरल्या टाकीवर इंजिन बंद का पडलं? कुणीतरी म्हणालं, पेट्रोलात पाणी असणार. पेट्रोल कोण भरतो? पुढचं तुला कळलंच असेल. पेट्रोल विकून पाणी मिसळलं, असा आळ आला आणि जात्र्याला जिनच्या आवारात वजनकाट्याच्या खांबाला बांधलं.

तो रडला नाही. एवढंच म्हणत राहिला, “मिस्तरीले पूसा. त्याले मालूम शे.”

मुनीमजींनी मला विचारलं, काडी अडकली होती का. शंभर माणसं असतील भोवती. जात्र्या माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त, आता सुटलोच असा.

“नही,” मी म्हणालो, “काडी मोकळी व्हती.”

त्यानं परत माझं नाव घेतलं नाही. मारताना नाही आणि फौजदार घेऊन गेला तेव्हाही नाही. त्याचाही मला राग आला. ओरडला असता, मला खोटारडा म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

इथंच थांबलो असतो तर कदाचित नुसता भित्रा ठरलो असतो. पण बाजाराच्या दिवशी त्याची बायको डोंगरातून उतरून आली. जमनी तिचं नाव. दिवसभर चालून आली होती. मला एकटं गाठून म्हणाली, लोक म्हणतात त्यावर तिचा भरवसा नाही, पण नवरा घरी सांगायचा की मिस्तरी कधी खोटं बोलत नाही.

“तू सांग,” ती म्हणाली. “तू सांगशी तेच मी मानसू.”

तिथं फौजदार नव्हता, सेठ नव्हते. मला कुणाची भीती होती? ती परत डोंगरात जाणार होती, तिचं कोण ऐकणार होतं? तिला खरं सांगून माझं काही बिघडलं नसतं.

“पानी त्यानीच टाकं,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि गेली. त्यांच्यात बाई नवरा सोडू शकते. तिच्या भावांनी पंचांपुढे माझा शब्द सांगितला, लग्नात मुलीसाठी घेतलेलं देज परत केलं आणि तिला दुसरीकडे दिलं. जात्र्या तुरुंगातून सुटून घरी गेला तेव्हा झोपडी रिकामी होती, दार काट्या लावून बंद केलेलं होतं. बायको का गेली, हे त्यानं शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी त्याला माझं नाव सांगितलं.