मेहुण्याची मान

गॅरेजात त्याला सगळे ‘कानमास्तर’ म्हणत. गाडीचं वायरिंग बिघडलं की तो बटण दाबायला लावायचा, रिलेची बारीक ‘टक’ ऐकायचा आणि दोष कुठे आहे ते सांगून मोकळा व्हायचा.

मेहुणा कामाला लागला तेव्हा मास्तरनेच त्याला शिकवलं होतं. “बटण नुसता हुकूम सोडतं रे. त्याच्या चिमूटभर करंटने रिलेतल्या तारेच्या गुंडाळीचं लोहचुंबक होतं, ते पट्टी ओढतं, टक! मग बॅटरीचा मोठा करंट थेट हॉर्नला. टक वाजली आणि हॉर्न गप्प राहिला, तर रिलेच्या पुढे बघायचं.”

पुढे मास्तरचे कान गेले. तो रिलेवर बोट ठेवून ठोका ओळखू लागला, माणसांचे ओठ वाचू लागला. बोट पोचत नसे तिथे टक वाजली की मेहुणा हळूच मान हलवायचा. ही गोष्ट दोघांतच होती. बायकोच्या पाठचा भाऊ, म्हणजे घरचाच माणूस. मास्तर निर्धास्त होता, आणि इथेच त्याचं चुकलं.

मालकाला हेडमिस्त्री नेमायचा होता. मास्तर किंवा मेहुणा, दोघांपैकी एक. हॉर्न बंद पडलेली एक गाडी पुढ्यात होती. मेहुणा आत स्टिअरिंगवर बसला, मास्तर उघड्या बॉनेटशेजारी उभा राहिला. “रिले वाजतोय का?” मालकाने विचारलं.

रिलेच्या डब्याचं झाकण बंद होतं. ते उघडून बोट ठेवता आलं असतं. पण मालकासमोर कानमास्तरने बोट लावायचं? आणि घरचा माणूस आत असताना गरज तरी काय! त्याने बाजूने वाकून काचेतून पाहिलं. मेहुण्याने बटण दाबलं आणि मान हलवली.

“वाजतोय की स्वच्छ,” मास्तर म्हणाला. “हॉर्नच गेलाय.”

मेहुणा खाली उतरला आणि त्याने झाकण काढलं. रिलेची जागा रिकामी होती. रिले त्याच्या शर्टाच्या खिशातून निघाला. सगळं गॅरेज पोट धरधरून हसलं. मास्तरला ते नुसतं दिसलं.

एकटा मालक हसला नाही. तोंड मुद्दाम मोठं करून तो म्हणाला, “बहिरा आहेस, ते चाललं असतं. खोटं बोललास.”

मेहुणा हेडमिस्त्री झाला. मास्तरच्या हाती गाड्या पुसायचं फडकं आलं. बायको म्हणाली, “माझ्या भावाला नावं ठेवू नका. त्याच्यामुळे निदान तेवढं तरी काम राहिलं.”

परवा तो एका गाडीचं बॉनेट उघडून आतली धूळ पुसत होता. रिलेच्या डब्यावर हात गेला आणि बोटांखाली ठोका लागला. टक. थांबून पुन्हा टक. मग टक, टक, टक.

त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावरचा हॉर्न कुणीतरी वाजवत होतं. स्टिअरिंगवर कोण आहे आणि बाजूला किती जण हसताहेत, हे त्याला मान वर न करताही कळलं. रिले ठणठणीत होता. तो खाली मान घालून पुसत राहिला.