गाळणी आबांचं बोट

जुन्या सिंथेसायझरच्या पोटात फिल्टर नावाचं एक सर्किट असतं. सुरातला किती झगझगीतपणा बाहेर सोडायचा आणि किती गाळून टाकायचा, ते हे सर्किट ठरवतं. त्याची दुरुस्ती करावी तर आबांनीच, म्हणून सगळा बाजार त्यांना गाळणी आबा म्हणायचा. पण दोन वर्षांपूर्वी आबांचे कान पार गेले आणि दुकान सुनेच्या अंगावर पडलं.

त्या दिवशी वादकबाई तणतणतच आल्या. तीस वर्षं वाजवलेला त्यांचा सिंथ, आणि आता फिल्टरचं बटण फिरवलं की आवाजात धप्प!

"संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक," त्या म्हणाल्या, "नाहीतर हे सर्किट उपटा आणि नवं बसवा. उद्या कार्यक्रम आहे माझा."

नवं बसवलं म्हणजे त्या सिंथचा आवाज कायमचा गेला.

त्या फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरच्या चार जोड्या. जोडीतले दोघे मापाला अगदी सारखे हवेत, जरा डावं-उजवं झालं की धप्प. सुनेने डबाभर ट्रान्झिस्टर मीटरवर मोजले, सारखे निवडले, आठच्या आठ बदलले आणि बटण फिरवलं.

धप्प!

"आता काय कपाळ फोडून घेऊ?" ती कुणालाच न उद्देशून म्हणाली.

कोपऱ्यातून आबा उठले. डावा तळवा त्यांनी स्पीकरच्या कागदी पडद्यावर अलगद ठेवला. "बटण फिरवत राहा," म्हणाले, आणि उजव्या हाताचं बोट एकेका ट्रान्झिस्टरवर टेकवत गेले. पहिला, धप्प. दुसरा, धप्प. पाचव्यावर बोट जरा रेंगाळलं आणि अहो, तो धप्प विरत विरत चक्क नाहीसा झाला! बोट उचललं, थोड्या वेळाने पुन्हा हजर. सून आ वासून बघत राहिली. दाराची घंटा ऐकू न येणारा हा माणूस!

"बोटाच्या उबेने माप बदलतं," आबा म्हणाले. "खोट याच्यातच आहे. मोजताना लाकडी चिमटा सोडून हातात धरलास ना?"

धरला होता. शेवटी शेवटी, घाईत. तिने मान खाली घातली.

"अगं, मीही हीच माती खाल्ली होती."

तिने दुसरा घेतला, चिमट्यात धरून, गार होऊ देऊन मोजला आणि बसवला. संध्याकाळी परत आलेल्या वादकबाईंनी पट्टी दाबली. बटणाबरोबर सूर खालून मोकळा होत वर आला, स्वच्छ.

आबा दोघींच्या तोंडाकडे बघत होते. "आला का तोच?"

ओरडूनही त्यांना कळलं नसतं. सुनेने त्यांचा हात धरून स्पीकरवर ठेवला. आबांनी डोळे मिटले.

"आलाय," ते म्हणाले. "अजून केसभर उघड."

तिने बटण केसभर फिरवलं.

"हाच!" वादकबाई ओरडल्या. "हाच तो!"