प्राजूच्या उडीसोबत तीन देश

वारंगा फाट्यावर नांदेडची गाडी येईपर्यंत माझी बहीण मला एकच गोष्ट सांगत होती, पोरीला नजरेआड करू नको. आखाडा बाळापुरात माझे शिवणकामाचे दुकान आहे. नांदेडच्या पलीकडे मी फक्त लग्नांना गेलेली. पण बहिणीची मुलगी प्राजू लहानपणीच जिम्नॅस्टिक्ससाठी संभाजीनगरच्या वसतिगृहात गेली, आणि चौदाव्या वर्षी तिची परदेशातल्या शिबिरांसाठी व स्पर्धांसाठी निवड झाली. सोबत घरची एक बाई हवी, असे तिच्या सरांचे म्हणणे. बहिणीमागे दुभती जनावरे, म्हणून पासपोर्ट माझा निघाला.

दाजी, म्हणजे प्राजूचे वडील, फाट्यावर आमच्या पिशव्या गाडीत चढवत होते. गाडी हलायच्या वेळी मला एवढेच म्हणाले, "न्हाई जमलं तर घेऊन या तिला. घरी काय कमी हाय?"

त्यांच्या बोलण्याला कारण होते. दिवाळीआधी सरावात प्राजू बीमवरून पाठीवर पडली होती. बीम म्हणजे हाताच्या पंजाएवढी रुंद आणि छातीइतकी उंच पट्टी. तिच्यावर उभे राहून मागे उडी घ्यायची, हात टेकायचे आणि पुन्हा पायांवर यायचे. पडल्यापासून प्राजूने ती उडी घेतलीच नव्हती. विचारले की म्हणायची, घोटा दुखतो. सरांनी निघण्याआधीच स्पष्ट सांगितले होते: वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेपर्यंत ही उडी दिसली नाही, तर पुढच्या वर्षी संघात जागा नाही.

ताश्कंदला उतरलो तेव्हा सगळीकडे बर्फ होते. मी चपलांवर मोजे घालून... नव्हे, मोज्यांवर चपला घालून गेले होते. थंडीने माझी अक्कलही गारठली होती. पण सरावाच्या हॉलचे दार उघडले आणि मी थंडी विसरले. आत हातांना चोळायच्या पांढऱ्या पावडरीचा धुरळा उडत होता आणि त्या धुरळ्यात मुली उडत होत्या. हो, उडतच होत्या, दुसरा शब्द मला सापडत नाही. एक एवढीशी पोर आडव्या दांडीला धरून गरगर फिरली, दांडी सोडली, हवेत उलटी झाली आणि दुसऱ्या दांडीला जाऊन लटकली. मी माणसाचे माप नजरेने सांगते, पण या अंगांना कुठले माप लावावे ते मला कळेना.

जेवायला तिथे नोन (भट्टीत भाजलेली, मधोमध नक्षी ठोकलेली जाड भाकर) आणि वाडग्यातून दुधाशिवायचा हिरवा चहा. मी पहिल्याच दिवशी पिशवीतला ठेचा काढला. शेजारच्या टेबलावरच्या एका कोच बाईंनी बोटभर चाखला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. त्यांचे नाव गुलनोरा. हिंदी सिनेमे पाहून पाहून त्यांना मोडकेतोडके हिंदी येत होते.

आठवडा गेला तरी प्राजू बीमवर चढायची, हात वर करायची आणि खाली उतरायची. मला वाटले, पोरीला दृष्ट लागली. गावात निवड झाल्यावर सत्कार काय, फोटो काय, कोणाची तरी नजर लागणारच. एका दुपारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कोणी नाही असे पाहून मी मीठ, मोहऱ्या आणि बाळापूरच्या बाजारातल्या लाल मिरच्या तिच्यावरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या.

पुढे काय झाले ते सांगायला लाज वाटते. छतावरचे कसलेसे यंत्र किंचाळायला लागले. तिन्ही मजल्यांवरून मुली धावत बाहेर आल्या, कोणी टॉवेलात, कोणी रजईत, आणि बर्फात उभ्या राहून खोकू लागल्या. सरांनी कपाळाला हात लावला. गुलनोराबाई मात्र तवा हुंगून म्हणाल्या, "नज़र? हमारे यहाँ भी है." त्यांच्याकडे त्यासाठी इसिरिक (वाळवलेले एक रानटी झुडूप) जाळतात.

पण माझे लक्ष दुसरीकडे होते. आमच्याकडे दृष्ट काढताना मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट खरी. इथे तर अख्खी इमारत खोकत होती. प्राजूलाही ते उमगले. रजईत माझ्याजवळ सरकून ती हळूच म्हणाली, "मावशे, दृष्ट न्हाई मला."

"मंग काहून उतरून राहिली खाली?"

"भ्याव वाटून राहिलंय. घोट्याला काहीच न्हाई झालं."

इतके महिने पोरीने हे एकटीने पोटात ठेवले होते. मला भडभडून आले. मी तिला सरांकडे घेऊन गेले आणि जे होते ते सांगायला लावले. सर रागावले नाहीत. त्यांनी गुलनोराबाईंना बोलावले. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी बीमच्या दोन्ही बाजूंना गाद्या रचल्या, अगदी बीमच्या उंचीपर्यंत, म्हणजे पडली तरी ओट्यावर बसल्यासारखे. प्राजूने उडी घेतली. मग रोज एकेक गादी काढत गेल्या. शेवटची जाड गादी मात्र निघेना. ती काढली की प्राजूचे पाय जागचे हलत नसत.

तशातच आम्ही वसंतात दोह्याला स्पर्धेला गेलो. तिथे उन्हाने जीव नकोसा झाला, पण रस्त्यावर करक (आपलाच कडक, वेलदोड्याचा चहा) मिळाला आणि मी सुखावले. स्पर्धा पाहताना मी एक गोष्ट पाहिली, ती कधी विसरणार नाही. दांड्यांखाली कोच हात पसरून उभा असतो, पण मुलीला हात लावायचा नाही. लावला की तिचे गुण कापतात. पडत असेल तर झेलायचे, उडत असेल तर नुसते उभे राहायचे. त्या पसरलेल्या रिकाम्या हातांकडे पाहून माझे डोळे भरून आले.

प्राजूने बीमवर उडीच्या जागी सोपी कोलांटी घेतली. तक्त्यावर तिचे नाव खाली, फार खाली आले. त्या दिवशी ती जेवली नाही. फोनवर दाजी म्हणाले, "बास झालं आता, घेऊन या." मी त्यांना म्हटले, वर्ष संपू द्या.

शेवटची स्पर्धा वर्षअखेरीस तुर्कस्तानात, अंताल्याला. समुद्र इतका निळा की नवे कापड धुवायला घातले आणि रंग सुटला असे वाटावे. रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लगडलेली. मी एक तोडून खाल्ले ते कडू निघाले. प्राजू खूप दिवसांनी हसली.

दुपारी तिची बारी आली. हिरवा दिवा लागला. तिने पंचांना हात वर करून दाखवला आणि बीमवर चढली. खाली फक्त नियमाची गादी, सरावातली ती जाड गादी नाही. ती मधोमध उभी राहिली, हात वर केले आणि तशीच थांबली. वर प्रेक्षकांत बसून मी पदर तोंडात धरला. इतका वेळ गेला की शेजारची परदेशी बाईही माझ्याकडे पाहू लागली. आणि मग प्राजू मागे उडाली. तळवे पट्टीवर पडल्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. ती डुलली, एक पाय हवेत गेला, पण ती वर राहिली.

पुढे उतरतानाच्या उडीत ती बसकण मारून पडली. अनोळखी देशांच्या मुली तिच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. नंबर आला नाही. सरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "जानेवारीचं शिबिर आहे, सामान जास्त घेऊ नकोस." मी ओक्साबोक्शी रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

परत आलो तो बाळापूरच्या बाजाराचा दिवस होता. माझ्या दुकानात बघ्यांची गर्दी झाली. कोणी विचारले नंबर कितवा, कोणी विचारले विमानात जेवायला काय देतात. दाजी शिलाई मशीनशेजारी स्टुलावर बसून होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी पोरीला जवळ बोलावले.

"उडी झाली म्हनं?"

"व्हय."

"मंग भ्याव गेलं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले होते. वर्षभर तिच्या बाजूला मीच होते, गेले ना भ्याव, माझ्या डोळ्यांदेखत गेले. पण प्राजू म्हणाली, "न्हाई बाबा. अजून बी तेवढंच वाटतंय. भ्याव वाटत व्हतं, तशीच उडाले."

तीन देश हिंडून मी जे पाहिले नव्हते, ते मला माझ्या दुकानात कळले. दाजींनी उठून पोरीला आपल्या स्टुलावर बसवले. मग त्यांनी विचारले, "जानेवारीत कधी निघायचं हाय?"