मास्तरांचा कोपरा

आमच्या कारंजाच्या शाळेचे ड्रिलमास्तर झोपेत असल्यासारखे चालत. बाजारातले बैलसुद्धा त्यांना वाट देत, शपथेवर सांगतो. बास्केटबॉलमधला बचाव ते ज्वारीच्या राखणीसारखा शिकवत. पाच गडी, प्रत्येकाला आपला तुकडा. "पाखरामांगं कायले पयतं बे? तुह्या तुकड्यात आलं का हाकलजो!" लांबून चेंडू टाकायला मनगट हवं म्हणून गोफण फिरवायला लावत. माझा दगड पार मानोरा गावात पडला, असं तिकडचेच लोक सांगतात.

अकोल्याच्या संघाशी सामना ठरला. हरलो तर शाळेच्या मैदानावर गावातले कापसाचे व्यापारी शेठजी आपला कापूस रचणार होते. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे होतो. त्यांचा ताडमाड गडी चेंडू घेऊन निघाला आणि मी माझा कोपरा सोडून त्याच्यामागे धावलो. त्यानं चेंडू त्याच मोकळ्या कोपऱ्यात फेकला. तिथून टोपली झाली आणि आम्ही हरलो.

सगळे गेले, तरी मास्तर त्या कोपऱ्यात उभेच.

"मास्तर, चाला ना घरी," मी म्हणालो.

"इथं कोनी नाही ना बे," ते हळूच म्हणाले, "मनून उभा हाव."

सकाळी गाड्या आल्या. पांढरा डोंगर रचला गेला. त्याच्या एका कोपऱ्यात माणसाएवढी पोकळी मात्र हंगामभर तशीच राहिली.