चिंधीची तारीख

मास्तरांनी वेळेवर दिलेला कपडा आजवर कुणी पाहिलेला नाही. ही कुचाळकी नव्हे. त्यांची बायकोसुद्धा हेच सांगते, आणि ती सत्तावीस वर्षं त्यांच्या दुकानात, त्यांच्याच शेजारी बसून काज-बटणं करते आहे. शिवण मात्र अशी की बोट ठेवायला जागा नाही. म्हणून तर लोक शिव्या देत जायचे आणि पुढचं कापड घेऊन पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. एका नवरदेवाचा लग्नाचा कोट त्यांनी इतका सुरेख शिवला की तो घालून त्यानं मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला हौसेनं फोटो काढून घेतला. लग्नात बिचाऱ्यानं मावसभावाचा कोट घातला होता.

"गिऱ्हाइकाला कपडा नको असतो," मास्तर बायकोला समजावून सांगत. "त्याला तारीख हवी असते. तारीख मिळाली की माणूस शांत झोपतो."

तारखा त्यांच्याकडे मुबलक होत्या. एक उलटली की दुसरी. दुसरी उलटली की, "झालंच आहे हो, फक्त काज-बटण राहिलंय." कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नसायची. पण हे ऐकून गिऱ्हाईक जाता जाता बायकोकडे असं रोखून बघायचं की जणू सगळा घोळ त्या माउलीनंच घातलाय. एवढ्यानंही भागलं नाही तर मास्तर नात्यातला एखादा माणूस मारायचे. त्यांचे काका तीन वेळा वारले. एकदा त्यांनी सासऱ्यांना घालवलं, तर एक भला माणूस सांत्वनाला थेट सासऱ्यांच्या घरी गेला आणि दार खुद्द सासऱ्यांनीच उघडलं. त्यानंतर वर्षभर मास्तरांना सासरी पाऊल टाकायची सोय राहिली नव्हती.

अशा माणसाचं दुकान चाललं ते निम्मं हातातल्या कसबावर आणि निम्मं चिंधीवर.

चिंधी म्हणजे कुत्री. सात वर्षांपूर्वी एका सकाळी दुकान उघडं बघून आत शिरली, कापायच्या टेबलाखाली कतरणांचा ढीग होता त्यावर तीन गिरक्या घेतल्या आणि झोपली. मास्तरांनी हाकललं, पुन्हा आली. पुन्हा हाकललं, पुन्हा आली. चिकाटी गिऱ्हाइकाची होती आणि तारीख मागत नव्हती, म्हणून मास्तरांनी तिला ठेवून घेतलं. नाव बायकोनं दिलं. रंग मातकट, एक कान उभा, एक पडका, आणि चेहऱ्यावर सदा असा भाव की आपलंच काहीतरी चुकलंय. गिऱ्हाईक दारात उभं राहून तोंडाचा पट्टा सोडू लागलं की ती टेबलाखालून उठायची, सावकाश जायची आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून वर बघायची. आता पायावर असं डोकं असताना माणूस ओरडणार किती? निम्मं भांडण तिथंच मिटायचं. मास्तर तिला भागीदारीण म्हणायचे आणि दुपारी आपल्या डब्यातला अर्धा वाटा तिला द्यायचे, बायको बघत नसताना. बायकोही आपल्या डब्यातला अर्धा द्यायची, मास्तर बघत नसताना. त्यामुळे भागीदारीण चांगली बाळसेदार झाली होती.

म्हणूनच ती रोडावू लागली तेव्हा दोघांच्याही लगेच लक्षात आलं.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, मास्तरांच्या मुलीच्या वयाची. तिनं पोट तपासलं, फोटो काढले, रक्त पाठवलं, आणि चार दिवसांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं की यकृतात गाठ आहे, कॅन्सर आहे, पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. दीड महिना, फार तर.

मास्तर खुर्ची पुढे ओढून, एक धंदेवाईक माणूस दुसऱ्याशी बोलतो तशा खाजगी आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आता आपल्यात सांगा. तुम्ही तोंडानं दीड महिना म्हणता तेव्हा मनात किती असतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, मी गिऱ्हाइकाला आठ दिवस सांगतो, पण मला माहीत असतं की बावीस लागणार. तसं तुमचं मनातलं काय?"

"मास्तर, मी मनातलंच सांगितलं."

आता आली का पंचाईत! मनातलंच सांगणारं माणूस मास्तरांना धंद्यात कधी भेटलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायको पदरानं डोळे पुसत होती. चिंधी डॉक्टरणीच्या बुटावर हनुवटी टेकून बसली होती, आपलंच काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्यानं.

"खायला काय द्यायचं?" मास्तरांनी विचारलं.

"आवडेल ते द्या. पथ्य नाही. दुखण्यावरच्या गोळ्या तेवढ्या चुकवू नका."

गोळ्यांचं प्रकरण वेगळंच झालं. मास्तरांनी उकडलेल्या अंड्यात गोळी लपवली. चिंधीनं अंडं खाल्लं आणि गोळी स्वच्छ चाटूनपुसून जमिनीवर ठेवली. पावाच्या तुकड्यात लपवली, तीच गत. मग मास्तर म्हणाले, तिला विश्वास वाटला पाहिजे, आधी आपण खाऊन दाखवू. त्यांनी तिच्यासमोर एक साधा तुकडा खाल्ला, दुसरा गोळीचा तिला द्यायला म्हणून घेतला, तेवढ्यात फोन वाजला. फोनवर तारीख देण्याच्या भरात त्यांनी दुसराही खाल्ला. संध्याकाळपर्यंत बायको त्यांच्याकडे घाबरून बघत होती. ते मात्र म्हणाले, गुडघा बरा वाटतोय.

कामाकडे दुर्लक्ष व्हायला लागलं. आणि इथं नियतीनं मास्तरांचा हिशोब बरोबर चुकता केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे उशिराचं खरं कारण होतं आणि त्यावर कुणीही विश्वास ठेवेना.

"कुत्रीला कॅन्सर झालाय," त्यांनी निवृत्त हेडमास्तरांना सांगितलं.

हेडमास्तर दोन महिने एका पँटसाठी खेपा घालत होते. ते पोट धरून हसले. "मास्तर, नातेवाईक संपले वाटतं? आता जनावरांवर आलात?"

मास्तरांचा चेहरा पडला. काका तीनदा मेले तेव्हा लोकांनी तीनदा हळहळ व्यक्त केली होती, आणि आज? ते आत गेले, डॉक्टरणीचा रिपोर्ट आणला आणि मापाच्या आरशाशेजारी टाचणीनं टोचला. चिंधी टेबलाखालून निघाली, पण बुटापर्यंत पोचायला तिला तीनदा थांबावं लागलं. हेडमास्तरांचं हसू वाटेतच विरलं. ते खाली उकिडवे बसले आणि बराच वेळ तिच्या पडक्या कानामागं खाजवत राहिले. पँटचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी आले ते अर्धा डझन अंडी घेऊन.

गल्लीभर झालं. लोक कपडे न्यायला यायचे ते बंद झाले, चिंधीला बघायला येऊ लागले. जो येई तो औषध सांगे. एकानं हळद सांगितली, एकानं उपास सांगितला. एका बाईंनी तर आपल्या नणंदेचा दाखला दिला. नणंद बरी झाली का, असं मास्तरांनी आशेनं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "नाही हो, पण शेवटपर्यंत तोंडाला चव होती." मास्तरांनी त्यांच्या ब्लाउजची तारीख आणखी पुढे ढकलली.

दीड महिना उलटला. चिंधी होती. रोड झाली होती, पण अंडी खात होती आणि गोळ्या काढून ठेवत होती. सातवा आठवडा गेला, आठवा गेला. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी मुद्दाम डॉक्टरणीला फोन लावला. "तुमची तारीख चुकली बरं का!" स्वतःच्या तारखा चुकवून ज्याला कधी लाज वाटली नाही, तो माणूस दुसऱ्याची तारीख चुकली म्हणून आनंदानं नाचायचा बाकी होता.

"छान झालं," डॉक्टरीण म्हणाली. "चुकू दे अजून."

नवव्या आठवड्यात रविवारी चिंधीनं अंडं हुंगलं आणि तोंड फिरवलं. सोमवारी ती उठली नाही. डॉक्टरीण दुकानात आली, कतरणांवर मांडी घालून बसली, पोट दाबून पाहिलं. चिंधी कण्हली. सात वर्षांत तिनं असा आवाज काढला नव्हता.

"मास्तर, आता वेळ झाली. तिला दुखतंय, आणि गोळ्यांनी थांबणार नाही. इंजेक्शन देऊन शांत झोपवता येईल. दिवस तुम्ही सांगा, मी येते."

मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "परवा या."

बुधवारी डॉक्टरणीचा फोन आला. मास्तर म्हणाले, "अहो, आज शेपूट हलवली तिनं! उद्या बघू." शेपूट पंख्याच्या वाऱ्यानं हलली होती. बायकोनं ते बघितलं होतं.

गुरुवारी पुन्हा फोन. "दोन चमचे पाणी प्यायली. रंग बरा आहे. झालंच म्हणजे, जरा एक दिवस..."

शुक्रवारी सकाळी मास्तर फोनशी उभे राहून डॉक्टरणीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. बायकोनं हातातली सुई खाली ठेवली.

"तुम्ही तिचं गिऱ्हाईक केलंत," ती म्हणाली.

"काय बोलतेस!"

"आज देतो, उद्या देतो. तेच चाललंय ना? अहो, गिऱ्हाईक निदान दारात येऊन भांडतं. तुमच्या नावानं बोटं मोडतं, दुसरीकडे जातं. ही कुणाशी भांडणार? हिला शिव्याही येत नाहीत."

मास्तर चिडले. चिडून काहीतरी खणखणीत उत्तर द्यायला ते वळले, आणि त्यांची नजर टेबलाखाली गेली. चिंधीनं त्यांच्याकडे बघितलं. भागीदारीण सात वर्षं लोकांच्या बुटांवर डोकं ठेवून त्यांच्या चुका निस्तरत आली होती. आता तिला डोकंच उचलवत नव्हतं. मास्तर मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. रडता रडता त्यांनीच फोन लावला.

"आज," ते म्हणाले.

"चार वाजता येते," डॉक्टरीण म्हणाली.

पावणेचारपासून मास्तर दारात उभे. चार वाजले. चार-पाच. चार-दहा. ते रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. "चार म्हणजे चार नको का?" ते बायकोवर तणतणले. "माणसानं सांगावं तेव्हा यावं! इथं जीव टांगणीला लागलाय!" आणि पुढच्याच क्षणी, "नाही आली तर बरं होईल गं." बायकोनं दोन्ही ऐकून घेतलं. एरवी तिनं या संधीचं सोनं केलं असतं.

सव्वाचारला डॉक्टरीण धावतपळत आली. वाटेत गाडी बंद पडली होती म्हणे. मास्तर टेबलाखाली शिरले, सहा फुटी देह दुमडून, चिंधीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. बायकोनं बाहेरून हात घालून तिची पाठ धरली. डॉक्टरणीनं पुढच्या पायावरचे थोडे केस कापले आणि सुई घातली. चिंधीनं एक लांब श्वास सोडला. तिचं अंग सैल पडलं. एवढंच.

टेबलाखालूनच मास्तरांनी विचारलं, "डॉक्टर, मी उशीर केला का हो?"

बायकोनं डॉक्टरणीकडे बघून मान हलवली, नाही म्हण, नाही म्हण. डॉक्टरणीला ते दिसलं. तिनं सुईवर टोपण बसवलं.

"हो," ती म्हणाली. "चार दिवस."

उशीर झाला असं मास्तरांना आजवर शेकडो जणांनी सुनावलं होतं, आणि प्रत्येकासाठी त्यांच्याकडे उत्तर तयार असायचं.

"झाला खरा," ते चिंधीला म्हणाले, आणि तिचा पडका कान नीट करू लागले.